ठिपक्यांचा शिलालेख

१/ जुन्या मंदिरातील शिलालेखावर कोणी छिन्नीने एखादे अक्षर वाढवले, तर आपण हळहळतो. तोच प्रकार जुन्या ट्रॅक्टरांच्या इंजिनांत सर्रास घडतो; त्याची खंत मात्र कोणी करीत नाही. आजचा धागा टायमिंग गिअरवरील ठिपक्यांविषयी.

२/ उदाहरण घेऊ बी-२७५ चे. हा मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड कारखान्याचा ट्रॅक्टर. १९६३ मध्ये महिंद्र अँड महिंद्र, हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि पुढे मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. त्या पिढीचे काही ट्रॅक्टर आजही हौशी मंडळींच्या गोठ्यांत आणि शेडमध्ये उभे आहेत.

३/ अशा चार सिलिंडरांच्या डिझेल इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक होते. व्हॉल्व्ह कधी उघडावे, डिझेल कधी फवारले जावे, हे सारे या प्रमाणावर ठरते. क्रँक, कॅम आणि डिझेल पंप यांची चक्रे मधल्या आयडलर चक्राने जोडलेली असतात. कोणता दात कोणत्या खाचेत बसवायचा, हे सांगण्यासाठी कारखाना चक्रांवर ठिपके उमटवतो.

४/ हा ठिपका म्हणजे रचनाकाराने कधीही न पाहिलेल्या मिस्त्रीसाठी लिहून ठेवलेला निरोप होय. ज्याला इंग्रजी येत नाही, ज्याच्याकडे महागडी उपकरणे नाहीत, त्यालाही तो वाचता येतो. खेड्यात ट्रॅक्टर दुरुस्त होऊ शकला, यात या निरोपाचा वाटा मोठा आहे.

५/ चूक किती महाग पडते? समजा, क्रँकच्या चक्राला २४ आणि कॅमच्या चक्राला ४८ दात आहेत. एक दात चुकला की कॅम साडेसात अंशांनी सरकतो. क्रँकच्या मापात ते १५ अंश होतात. एवढ्याने इंजिन सुरू होण्यास कुरकुरते, धूर ओकते, ताकद गमावते. चूक याहून मोठी असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

६/ आता खरी मेख. समजा, आयडलरला ३५ दात आहेत. सर्व ठिपके जुळवून क्रँक फिरवली, तर ते पुन्हा एकत्र येण्यास क्रँकच्या तब्बल ७० फेऱ्या लागतात. मधल्या काळात ठिपके विस्कटलेले दिसतात. टायमिंग मात्र अचूकच असते. हे ठाऊक नसलेला माणूस कव्हर उघडतो, ठिपके जुळलेले दिसत नाहीत, आणि त्याला वाटते की आधीच्याने घोळ घातला.

७/ मग तो काय करतो? चक्रे ज्या स्थितीत सापडली त्याच स्थितीत पंचने स्वतःच्या खुणा ठोकतो. त्या दिवशी काम भागते. पण पुढच्या वेळी कव्हर उघडणाऱ्यापुढे खुणांचे दोन संच असतात, त्याच्या पुढच्यापुढे तीन. एका कॅम गिअरवर मी स्वतः तीन ठिपके पाहिले आहेत; मूळ कोणता, हे तेथे उपस्थित असलेल्यांपैकी कोणालाच सांगता येईना.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच परिचित आहे. नकलांमध्ये तफावत आढळली की मूळ साधनाकडे जायचे. इंजिनाचे मूळ साधन म्हणजे पिस्टन. पहिला सिलिंडर टॉपवर आणावा. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या क्षणी किंचित उघडे, म्हणजे एक मिटत आणि दुसरा उघडत असेल, तर पहिला कॉम्प्रेशनवर आहे हे निश्चित. मग चक्रे बसवावी, क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावी, आणि कुठे अडली तर जोर न लावता थांबावे.

९/ यावर कोणी म्हणेल, पेरणी तोंडावर असताना मिस्त्रीने संशोधन करीत बसावे काय? आक्षेप रास्त आहे, आणि माझा रोख मिस्त्रीवर नाहीच. त्याने ट्रॅक्टर चालता ठेवला. दोष आपला, जे ‘विंटेज’ म्हणून ट्रॅक्टर विकत घेतात, त्यावर लाल रंगाचे तीन हात देतात, आणि टायमिंग कव्हरच्या आत काय लिहिले आहे ते कधी पाहत नाहीत.

१०/ माझे मत स्पष्ट आहे. जुन्या चक्रावर नवा ठिपका ठोकू नये. तात्पुरती खूण हवी असेल तर ती रंगाने करावी, म्हणजे पुसता येईल. झिजलेले चक्र बदलताना जुने भंगारात टाकण्यापूर्वी दोन्ही शेजारी ठेवून दात मोजावे, ठिपका आणि चावीची खाच यांतील अंतर ताडून पाहावे, छायाचित्र घ्यावे. जे केले ते वहीत तारखेसह लिहावे.

११/ रंग दहा वर्षांनी पुन्हा देता येतो. पुसट झालेला मूळ ठिपका मात्र पुन्हा कोणी देणार नाही. तो देणारे हात आता कारखान्यात नाहीत. वारसा जपायचा असेल तर आरंभ कव्हरच्या आतून करावा.