रिॲलिटी शो: आयात नव्हे, जत्राही नव्हे

रिॲलिटी शोंच्या स्पर्धांविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. एक त्यांना पाश्चात्त्यांचे खूळ ठरवते. दुसरे म्हणते, जुनी जत्राच आता पडद्यावर आली. दोन्ही मते अर्धवट आहेत.

पहिले मत सनावळीपुढे टिकत नाही. ‘झी टीव्ही’वर ‘सारेगम’ सुरू झाले १९९५ मध्ये. स्वीडनचे ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ १९९७ चे, नेदरलँड्सचे ‘बिग ब्रदर’ १९९९ चे आणि ब्रिटनचे ‘पॉप आयडॉल’ २००१ चे. ‘इंडियन आयडॉल’ आणि ‘बिग बॉस’ यांचे आराखडे बाहेरून आले, हे खरे. पण गाण्याच्या स्पर्धेला इथे प्रेक्षक आधीच होता. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांनी त्याचा कान केव्हाच तयार केला होता.

दुसरे मत नार्नूरची खामदेव जत्रा खोडून काढते. आदिलाबाद जिल्ह्यातल्या या गावी पौषात गोंडांच्या तोडासम कुळातली एक स्त्री देवापुढे दोन-अडीच किलो तिळाचे तेल पिते. गर्दी लोटते, सहनशक्तीचा कस लागतो. तरी ही स्पर्धा नव्हे. तेल प्यायचे ते सगळ्यांच्या भल्यासाठी. प्रतिस्पर्धीच नाही, तेव्हा कोणी बादही होत नाही. ‘फिअर फॅक्टर’मध्ये मात्र किळसवाणा घास गिळला नाही की गाशा गुंडाळावा लागतो.

मग जगभरच्या लोकप्रियतेचे मर्म कशात? प्रेक्षकाला मिळालेल्या न्यायाधीशाच्या खुर्चीत. २००८-०९ च्या मराठी ‘लिटल चॅम्प्स’मध्ये परीक्षक ‘ध’, ‘नी’ असे सुरांत गुण देत आणि घरोघरी त्यावर वाद झडत. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत ही मुले महिनोन्‌महिने दिसत राहिल्याने घरचीच झाली. एसएमएसने त्या जिव्हाळ्याला मताचे वजन दिले. नियमांचा सांगाडा देशोदेशी विकता येतो. भाषा, माणसे आणि भांडणे मात्र स्थानिक लागतात. २०१८ मध्ये ‘बिग बॉस’ मराठीत आले ते याच हिशेबाने.

मतमोजणी आणि संकलन वाहिनीच्या हाती असते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने वरचे मंडन ढळत नाही, उलट पक्के होते: निकाल आधीच ठरलेला आहे असा संशय आला की प्रेक्षक चिडतो, कारण तो कौल आपला आहे असे त्याने मानलेले असते.