मेळघाटची सहल मुलांनाच आखू द्या

डिसेंबर जवळ आला की सहलीचे कागद घरी येऊ लागतात. वॉटर पार्क, रिसॉर्ट, फार तर एखादा किल्ला. पैसे भरा, सही करा, सकाळी सहाला शाळेच्या फाटकाशी या. मूल बसमध्ये बसतं, उतरतं, जेवतं, पुन्हा बसमध्ये बसतं. कुठल्या रस्त्याने गेलात, असं त्याला विचारून बघा. सांगता येत नाही, कारण त्या दिवसातलं काहीच त्याने ठरवलेलं नसतं. माझं म्हणणं असं की गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या मुलांनी एकदा तरी लांबच्या जंगलाचा प्रवास स्वतः कागदावर आखावा आणि मग तो खरंच करावा. सातवी-आठवीचा वर्ग असेल तर शाळेतून, नाहीतर घरच्यांबरोबर. आणि त्यासाठी मी मेळघाट सुचवते.

ताडोबा का नको, हा प्रश्न येणारच. ताडोबा सुंदर आहे, तिथे वाघ दिसण्याची शक्यताही जास्त. पण नेमकी तीच अडचण आहे. वाघ दिसेल म्हणून गेलेलं घर वाघ दिसला नाही की 'पैसे फुकट गेले' म्हणत परत येतं. मेळघाटात डोंगर, दऱ्या आणि सागाची दाट झाडी. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा देशभरातून निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक, तरीही वाघ तिथे सहजासहजी समोर येत नाही. 'बाई, वाघ दिसणार ना?' याला 'बहुतेक नाही' असं आधीच सांगून टाकावं. मग अस्वलाच्या नखांचे ओरखडे, रानगव्यांचा कळप, नदीकाठचे ठसे यांच्याकडे नजर जायला जागा राहते.

आता आखणी. आपल्या भागातल्या लोकांना ती शिकवायची गरज नाही असं मला खरंच वाटतं. गणपतीला कोकणात जाणारं लालबागचं कुठलंही घर बघा. आरक्षण कोणत्या दिवशी उघडणार, कोण खिडकीवर उभं राहणार, कोण मोबाईल घेऊन बसणार, वेटिंग निघालं तर एसटी, एसटी नाही तर कोणाची तरी खासगी गाडी. मुलं हे सगळं लहानपणापासून पाहतात. फक्त त्यात कोणी त्यांना हिशेब करायला बसवत नाही.

तर बसवू या. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळतं, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरायचा नाही. २६ डिसेंबरला मुंबईहून निघायचं तर तिकीट कधी काढायचं? महिने ३० चे आणि ३१ चे मोजत मागे जा, २७ ऑक्टोबर येतो. परतीचं ३० डिसेंबरचं तिकीट त्याच दिवशी मिळणार नाही, त्याला ३१ ऑक्टोबर उजाडावा लागेल. म्हणजे जायचं पक्कं आणि यायचं अधांतरी असे चार दिवस काढायचे. ते मिळालं नाही तर काय, याचं उत्तर मुलांनी आधी लिहून ठेवावं. अशी उदाहरणं गणिताच्या पुस्तकात सापडत नाहीत.

भाड्याचं गणित तर याहून मजेदार. समजा घरात आई, बाबा, ७७ वर्षांचे आजोबा, आठवीतली मुलगी आणि आठ वर्षांचा भाऊ आहे. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, १२ वर्षांखालच्या मुलाला अर्धं, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. पाच माणसं, तिकिटं अडीच! रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. धाकट्याला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर त्याचंही पूर्ण भाडं, म्हणजे पाच माणसं आणि पाच तिकिटं. त्याने ताईजवळ झोपायचं कबूल केलं तर साडेचार. कबूल करतो का, ते घरोघरी वेगळं.

शाळेने जायचं ठरवलं तर एसटी शालेय सहलीला ५० टक्के सवलत देते, आणि रेल्वेतही शैक्षणिक सहलीला विद्यार्थी सवलत आहे. पण ती मोबाईलवर एका झटक्यात होत नाही. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, त्यामुळे मोठ्या गटासाठी अर्ज, मुख्याध्यापकांची सही, रेल्वे कार्यालयात खेटे हे आलंच. अर्जाचा मसुदा मराठीच्या तासाला लिहून घ्या. पत्रलेखनाला दरवर्षी तोच तो काल्पनिक विषय देण्यापेक्षा हे बरं.

मात्र खरी आखणी सुरू होते ती गाडीतून उतरल्यावर. अमरावती एक्सप्रेस संध्याकाळनंतर सीएसएमटीहून निघते आणि सकाळी अमरावतीला पोहोचवते. कसारा घाट, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा असे साधारण ६७० किलोमीटर आपण झोपेत पार करतो. तिथून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर, आणि परतवाड्याहून सेमाडोह पुन्हा तेवढंच, पण वळणावळणाचा घाट. म्हणजे ६७० किलोमीटरला एक रात्र, आणि उरलेल्या शंभराला अर्धा दिवस. बहुतेक घरांची आखणी इथेच फसते. सगळं लक्ष रेल्वेवर असतं आणि 'पुढचं तिथे गेल्यावर बघू' असं म्हटलं जातं. तिथे गेल्यावर कळतं की घाटातल्या गाड्या मोजक्याच आहेत, मोबाईलला रेंज नाही, आणि संध्याकाळच्या आत पोहोचलं नाही तर मुक्कामाची पंचाईत आहे.

म्हणून मुलांना उलटं आखायला सांगावं. सेमाडोहला किंवा कोलकासला उजेडात पोहोचायचं आहे, तर परतवाडा कधी सोडायचं? त्यासाठी अमरावतीहून कधी निघायचं? गाडीला दोन तास उशीर झाला तर कशावर पाणी सोडायचं? वन विभागाचा मुक्काम आणि सफारी आधी नोंदवायची की रेल्वे आधी? (माझं उत्तर, मुक्काम आधी. गाड्या दुसऱ्याही असतात, जंगलातल्या खोल्या मोजक्याच.) पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते हेही त्यांनाच शोधू द्या. आणि डिसेंबरात तिथे कडाक्याची थंडी असते. मुंबईच्या मुलाकडे गणवेशातला एकच स्वेटर असतो, तो पुरत नाही.

आता एक प्रश्न, जो प्रत्येक आई विचारते आणि विचारायलाच हवा. 'तिथे पोराला काही झालं तर डॉक्टर कुठे?' परळच्या आईच्या तोंडी तो जास्त शोभतो, कारण तिच्या घरापासून केईएम, वाडिया, टाटा ही सगळी रुग्णालयं चालण्याच्या अंतरावर. मुलांना याचंही उत्तर नकाशावर काढू द्या. सेमाडोहला प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यापुढे घाट उतरून अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय. त्याहून मोठं दुखणं असेल तर थेट अमरावती. या तीन ठिकाणांची अंतरं आणि लागणारा वेळ वहीत लिहिला की आठवीतल्या मुलाच्या आपोआप ध्यानात येतं की आपण तिथे चार दिवस राहणार, पण तिथली कोरकू आई हाच हिशेब रोज करते. मेळघाट हे नाव आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत वाघापेक्षा कुपोषणामुळेच जास्त वेळा आलं. १९९३ पासून ते येतंय, आणि त्यावरच्या याचिका आपल्या फोर्टमधल्या उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं ऐकल्या गेल्या. हे मुलांपासून लपवून नुसती सफारी करून आणणं मला पटत नाही. त्याचबरोबर तिथल्या लोकांना 'बिचारे' म्हणून दाखवायलाही जाऊ नये. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषाच नव्हे, ती संथाळी-मुंडारीच्या कुळातली. दहा शब्द शिकून या, असं काम मुलांना द्या. शिकवणारी कोरकू मुलंच असतील.

तसंच बोरी, कोहा, कुंड या तीन गावांचं. वाघांसाठी जंगल मोकळं करायचं म्हणून या शतकाच्या सुरुवातीला ती गाभ्यातून उठवून अकोटकडे वसवली गेली. हे बरोबर झालं की चूक, यावर वर्गात खुशाल भांडण होऊ द्या. गिरणगावातली मुलं या विषयात कच्ची नसतात. १९८२ च्या संपानंतर कोणाचं घर कुठे गेलं, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं असतं.

काही मुख्याध्यापक म्हणतील, एवढी जोखीम कशाला, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान काय वाईट? काहीच वाईट नाही. उलट आधी तिथेच जा. लोकल, मग चालत, स्वतःचं पाणी, शांत राहण्याचा सराव. बोरिवलीत जे मूल दोन तास गप्प चालू शकत नाही, त्याला सेमाडोहला नेऊन उपयोग नाही. परवानग्या, पालकांची संमतिपत्रं, किती मुलांमागे किती शिक्षक, हे नियम पाळायचेच, आणि ते मोठ्यांनी पाळायचे. तेवढं सोडून बाकीचा कागद मुलांच्या अक्षरात असू द्या. त्यात चुका निघतील. कोणीतरी परतवाड्याला जेवणाची वेळच धरणार नाही. निघण्याआधी सापडली तर दुरुस्त करा, नाही सापडली तर एक दिवस सगळ्यांनी चिवडा खावा.

३० तारखेला अमरावतीहून निघालेली गाडी ३१ ला पहाटे मुंबईत शिरते. त्या दिवशी शाळा असेल तर जायचं की दांडी मारायची, हेही त्यांच्या वेळापत्रकात आधीच लिहिलेलं असू द्या.