मुलाच्या पाठीवर सातबारा लादूं नका

जून महिना लागला कीं आमच्या धाराशिव जिल्ह्यांत दोन पेरण्या होतात. एक शेतांत, सोयाबीन-उडदाची; दुसरी लातूरच्या ट्यूशन भागांत, पोटच्या पोरांची. कळंब, भूम, परंडा, उमरगा, तुळजापूर, जिकडून तिकडून गादी, बादली व पुस्तकांची पिशवी घेऊन बापलेक एस.टी.नें निघतात. पहिल्या पेरणीचा हिशेब शेतकऱ्यास तोंडपाठ असतो. पाऊस ओढला तर तो आभाळास बोल लावतो, बियाण्यास नव्हे. दुसऱ्या पेरणीचा हिशेब मात्र त्यास कोणी समजावून सांगत नाहीं, आणि पीक हातीं आलें नाहीं कीं तो थेट पोरासच बोल लावतो. तो हिशेब आज आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

नीट ही साऱ्या देशांत वैद्यकीय शिक्षणाच्या दारावरची एकच परीक्षा. एम.बी.बी.एस. असो, दांतांचें शिक्षण असो वा आयुर्वेद असो, ह्याच दारानें आंत जावें लागतें. 2025 सालीं तिच्यांत 180 प्रश्न होते व 180 मिनिटें होतीं. म्हणजे प्रश्नास एक मिनिट. उत्तर बरोबर आलें तर 4 गुण, चुकलें तर 1 गुण उलट कापला जातो. एकूण गुण 720. त्या वर्षीं सुमारें 22 लाख मुलें परीक्षेस बसलीं, 12 लाखांवर पात्र ठरलीं, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशांत मिळून सव्वा लाखाच्या आसपास. त्यांतल्याही जवळजवळ निम्म्याच सरकारी. उरलेल्यांची फी कुळवाड्याच्या आवाक्याबाहेरची. म्हणजे 'पोरगा नीट पास झाला' म्हणून पेढे वाटणाऱ्या दहा घरांपैकीं नऊ घरांस ती जागा मिळावयाचीच नव्हती. हीं नऊ पोरें आळशी होतीं काय? एकेका बाकावर एकेक मूल बसवावयाचें, बाकें दहा आणि मुलें शंभर, तर नव्वद मुलें उभींच राहणार. तो दोष उभ्या राहिलेल्या मुलांचा नव्हे. बाकें कमी घालणाराचा आहे.

आतां गुणांची गोष्ट. शिकवणीवाले दर आठवड्यास चाचणी घेतात व गुण बापाच्या मोबाइलवर धाडतात. मागच्या खेपेस 430 होते, ह्या खेपेस 380 आले. बाप फोन उचलतो आणि म्हणतो, "पन्नास गुण कोठें घालविलेस? तेथें काय सिनेमे पाहतोस काय?" बंधूंनो, पन्नास गुण म्हणजे किती? फक्त दहा प्रश्न! ते दहा बरोबर आले असते तर 40 मिळाले असते, ते चुकले म्हणून 10 गेले, फरक पन्नासाचा. एखादे दिवशीं डोकें दुखलें, पोट बिघडलें, एक धडा कच्चा राहिला, कीं एवढा फरक सहज पडतो. 2024 सालीं सुधारलेल्या निकालानंतरही देशांत 17 जणांस 720 पैकीं 720 गुण होते. 2025 सालीं पदार्थविज्ञानाचे प्रश्न इतके अवघड निघाले कीं देशांत पहिल्या आलेल्या मुलासही 686 च पडले. एका वर्षांत साऱ्या देशाची अक्कल घटली काय? पेपर बदलला, एवढेंच. बाजारांत भाव पडला म्हणून ज्वारीचा दाणा हलका होत नाहीं.

मुलाचा दिवस कसा जातो तेंही ऐका. पहाटे पांचला उठणें, सकाळीं शिकवणी, दुपारीं डब्यांतली गार चपाती, पुन्हां शिकवणी, मग रात्रीं अकरा-बारापर्यंत अभ्यासिकेंत मान खालीं. गणपति नाहीं, पोळा नाहीं, भावकींतलें लग्न नाहीं. ज्या पोरास गांवांत दहावीला नव्वदाच्या वर टक्के पडले, ज्याचा फोटो चौकांतल्या फलकावर लागला, तें पोर तेथें गेल्यावर पहिल्याच चाचणींत 720 पैकीं दोनशेंवर येतें. दहावीपर्यंत सारें मराठींत शिकलें. अकरावीस एकाएकीं सर्व पुस्तकें इंग्रजी. नीटची प्रश्नपत्रिका मराठींतूनही मिळते, पण शिकवण्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांवरच चालतात. शेजारच्या बाकावरचा मुलगा आठवीपासून ह्याच तयारीस लागलेला. आमच्या पोरास वाटतें, 'मी हुशार होतों तें खोटें होतें काय?' एके दिवशीं दोन गणितें सुटलीं कीं तें आनंदानें फुलतें. दुसऱ्या दिवशीं यादींत नांव खालीं गेलें कीं अंथरुणांतून उठूं नये असें त्यास वाटतें. सतरा वर्षांच्या जिवास हे चढउतार दर आठवड्यास सोसावे लागतात.

आम्ही गांवच्या शाळेंत मास्तर आहों. दिवाळीस घरीं आलेलीं जुनीं मुलें भेटावयास येतात. त्यांच्याशीं बोलतांना आम्हांस दिसून आलें कीं हीं मुलें परीक्षेस फारशीं भीत नाहींत. तीं घरून येणाऱ्या फोनास भितात. एका सुताराची मुलगी आम्हांस म्हणाली, "गुरुजी, पेपरांत प्रश्न अडला कीं मला आईच्या मोडलेल्या पाटल्या दिसतात." त्या मुलीस पदार्थविज्ञान येत नव्हतें असें नव्हे. पण मिनिटास एक प्रश्न सोडवावयाचा असतां मध्येंच पाटल्या दिसूं लागल्या तर कोणाचें गणित सुटेल?

पाटल्या कां मोडाव्या लागतात? फी, खोली, डबा, पुस्तकें मिळून वर्षाचा खर्च लाखावर सहज जातो. 2025-26 च्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास 5,328 रुपये होता. त्या भावानें लाख रुपयांस जवळजवळ 19 क्विंटल सोयाबीन लागतें. कोरडवाहूंत एकरीं पांच-सहा क्विंटल पिकलें असें धरलें, तरी बी, खत, मळणी कांहींच वजा न करतां तीन-चार एकरांचें सबंध पीक झालें; आणि बाजारांत हमीभाव पदरांत पडतोच असेंही नाहीं. त्याच हंगामांत, सप्टेंबर 2025 मध्यें, परंडा-भूम भागांत पुरानें उभीं पिकें नेलीं, कोठें कोठें मातीही नेली. मग पैसा येतो कोठून? सोनें तारण ठेवून, हातउसना घेऊन, सावकाराच्या चिठ्ठीवर. आणि घरांतल्या धाकट्या मुलीची शाळा थांबवून. हें सारें पोराच्या कानांवर रोज घातलें जातें: "तुझ्यासाठीं आम्ही काय काय केलें बघ." आईबाप मायेनेंच बोलतात, परंतु पोराच्या पाठीवर सबंध सातबारा चढतो आणि तो घेऊन त्यास परीक्षेच्या खोलींत शिरावें लागतें.

बरें, परीक्षा तरी निर्मळ व्हावी! 5 मे 2024 ची नीट पेपरफुटीच्या आरोपांनीं गाजली. 1,563 मुलांस दिलेले वाढीव गुण काढून घ्यावे लागले व 23 जून रोजीं त्यांच्यासाठीं फेरपरीक्षा ठेवावी लागली, तपास सी.बी.आय.कडे गेला, लातुरांतही गुन्हा नोंदला गेला. 23 जुलै रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सबंध परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. निकालापासून तोंवर सात आठवडे प्रामाणिक मुलांनीं 'पुन्हां बसावें लागेल कीं नाहीं' ह्या टांगणीवर काढले. पैसेवाल्यांच्या लबाडीची शिक्षा गरिबाच्या पोरानें भोगली.

कोणी म्हणेल, "मास्तर, मग आमच्या पोरांनीं डॉक्टर होऊंच नये असें तुमचें म्हणणें काय?" तसें म्हणूं तर आमची जीभ झडो! सत्यशोधक समाजाचे डॉ. विश्राम रामजी घोले हे नामांकित शस्त्रवैद्य होते. जोतीराव-सावित्रीबाईंचे पुत्र यशवंतराव डॉक्टर होते; 1897 च्या प्लेगांत त्यांनीं पुण्याजवळ दवाखाना घातला व तेथेंच रोग्यांची सेवा करतांना 10 मार्च रोजीं सावित्रीबाई गेल्या. सुतार समाजांतल्या रखमाबाई लंडनास शिकून 1894 सालीं डॉक्टर झाल्या. ह्या जिल्ह्यास 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप आठवतो. लोहारा-उमरग्याकडे दगडमातीखालून माणसें काढलीं तेव्हां डॉक्टर बाहेरून यावे लागले. आमच्या मातींतले डॉक्टर आम्हांस पाहिजेतच. वाटही थोडी रुंद झाली आहे. मराठवाड्याच्या मुलांस जाचणारी 70-30 ची विभागवार वांटणी 2020 सालीं सरकारनें रद्द केली. धाराशिवांत 100 जागांचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालें. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आंत असलेल्या घरांतील इतर मागास, एस.ई.बी.सी. व आर्थिक दुर्बल वर्गांतल्या मुलींची फी 2024-25 पासून पूर्ण माफ झाली. तेव्हां पोरांस पाठवूं नका असें आम्ही म्हणत नाहीं; त्यांस एकटें पाठवूं नका असें म्हणतों.

ह्यावरचा उपाय आमच्या वडीलधाऱ्यांनीं शंभर वर्षांपूर्वींच करून दाखविला आहे. शाहू महाराजांनीं 1901 सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें बोर्डिंग काढविलें व पुढें जातीजातीच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं. कर्मवीर भाऊरावांनीं 1919 सालीं रयत शिक्षण संस्था काढली. आमच्या शेजारीं बार्शींत मामासाहेब जगदाळ्यांनीं बोर्डिंग चालविलें. त्या बोर्डिंगांत पुस्तकाच्या आधीं भाकरी होती, आणि भाकरीबरोबर विचारपूस करणारा माणूस होता. आज काय आहे? खोलीवाला भाडें घेतो, मेसवाला डब्याचे पैसे घेतो, शिकवणीवाला फी घेतो. पण पोर जेवलें कां, झोपलें कां, रडलें कां, हें विचारण्यास कोणाचीच नेमणूक नाहीं! लातुरांत शाहू महाराजांच्या नांवाचें महाविद्यालय 1970 पासून आहे, आणि तेथल्या महाविद्यालयांमुळें 'लातूर पॅटर्न' हें नांव दूरवर गेलें. महाराजांचें नांव आपण सारेच घेतों. तर त्यांची बोर्डिंगाची रीतही आपण साऱ्यांनीं उचलावी.

कायदेकानूही कांहीं झाले आहेत, पण ते आमच्या लोकांस ठाऊक नसतात. जानेवारी 2024 मध्यें केंद्र सरकारनें शिकवणीवाल्यांसाठीं सूचना काढल्या: दिवसास पांच तासांवर वर्ग नको, आठवड्यास एक सुटी द्यावी व तिच्या दुसऱ्या दिवशीं चाचणी घेऊं नये, आणि मूल मध्येंच निघालें तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. 25 जुलै 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडूं नयेत, चारचौघांत त्यांस लाजवूं नये, आणि शंभरावर मुलें असतील तेथें मनाचा सल्ला देणारा जाणता माणूस नेमावा. फी भरतांना हें विचारण्याचा तुम्हांस हक्क आहे. बैल घेतांना आपण दांत मोजून पाहतों. पोर सोपवितांना तोंड कां उघडूं नये?

आतां घरानें करावयाच्या चार गोष्टी. पहिली: किती पैसा व किती वर्षें, हें पोरास जवळ बसवून आधींच ठरवा. जमीन विकूं नका, धाकटीची शाळा मोडूं नका. आणि एकदां ठरलें कीं खर्चाचा उच्चार पुन्हां करूं नका. इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास मुलांस महाज्योती ही सरकारी संस्था नीटचें मोफत ऑनलाइन शिक्षण देत आली आहे. तिची चौकशी आधीं करा. दुसरी: फोनवर जेवण व झोप विचारा. गुण महिन्यास एकदां विचारले तरी पुरे. तिसरी: दुसरी वाट पहिल्याच दिवशीं वहींत लिहून ठेवा. नर्सिंग, औषधशास्त्र, आयुर्वेद, कृषि, पशुवैद्यक. गुराढोरांच्या मुलुखांत गुरांचा डॉक्टर कमी मोलाचा असें कोण म्हणेल?

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 2022 ह्या एका वर्षांत देशांत 13,044 विद्यार्थ्यांनीं आपला जीव दिला, आणि त्यांत आमच्या महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांहून मोठा होता. पोराची झोप उडाली, अन्न तुटलें, बोलणें बंद झालें, किंवा 'मी तुम्हांस भार झालों' असें तें म्हणूं लागलें, तर पेरणी-काढणी सोडून त्याच दिवशीं त्याच्याजवळ जा. त्यास घरीं आणा व सरकारी दवाखान्यांत दाखवा. 14416 ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट व मराठींत बोलतां येतें. ताप आला तर आपण लाजतों काय? मन दुखलें म्हणून लाजण्याचें तसेंच कांहीं कारण नाहीं.

राहिलें गांवाचें काम. एका गांवचीं, फार तर दोन-तीन गांवचीं मुलें मिळून एक घर भाड्यानें घ्यावें. त्यांत स्वयंपाकास गांवचीच कोणी आजी-मावशी पगार देऊन ठेवावी. शिकून नोकरीस लागलेल्यांनीं भाड्यास हात लावावा. आणि आम्हां मास्तर लोकांपैकीं एकानें दर रविवारीं तेथें जाऊन पोरांबरोबर जेवावें. ह्यास फार मोठा पैसा लागत नाहीं. जत्रेच्या वर्गणींतला थोडा भाग निघाला तरी वर्षाची सोय होईल. पुढच्या जूनच्या आधीं जी ग्रामसभा भरेल तींत हा विषय घ्या, आणि पोर पाठविण्यापूर्वीं तें कोणाच्या पंक्तीस जेवेल हें ठरवा.