औंधने काय दिले, काय दिले नाही

बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना तिथून उठला आणि १९१० मध्ये औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याला कुंडल रोड स्टेशनजवळचे माळरान दिले. वर दहा हजारांचे कर्ज. एका सरकारने उठवले, दुसऱ्याने बसवले. माळ निवडुंगाचा आणि नागांचा होता खरा, पण शेजारून रेल्वे जात होती, म्हणजे कच्चे लोखंड यायला आणि नांगर जायला वाट होती. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या तीन गोष्टींवर: जागा, वाट, पैसा. चौथी गोष्ट राजाने केली नाही, आणि तीच मोलाची. फाउंड्रीत रस कसा ओतायचा हे त्याने सांगितले नाही.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यांना जागा देण्याचे हे काम राज्य सरकारकडे आले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि सातारा, कराड, मिरज, कुपवड, पलूस इथे प्लॉट पडले. पलूस तर किर्लोस्करवाडीच्या अगदी शेजारी. पुढे सरकारने एक पाऊल जास्त टाकले. १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ (२७ टक्के) आणि बजाज ऑटो (२४ टक्के) यांनी मिळून साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स काढली. मागास भागात कारखाना आणायचा हेतू चांगलाच होता. पण महामंडळाच्या हिश्श्याची किंमत किती, हा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटायला २०१९ उजाडले. साताऱ्यात स्कूटर बनणे त्याच्या कितीतरी आधी थांबले होते. सरकारने जमीन द्यावी, वीज द्यावी, रस्ता करावा. भागीदार होऊ नये, असे आमचे मत या एका दाखल्याने पक्के झाले आहे.

मग लहान कारखान्यांसाठीच्या क्लस्टर योजनेचे काय? केंद्र सरकारच्या या योजनेत सामाईक सुविधा केंद्राला प्रकल्पखर्चाच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. हे औंधच्याच वळणाचे आहे: एकट्या शेडला न पेलणारी टेस्टिंग लॅब किंवा हीट ट्रीटमेंटची भट्टी सरकार उभी करून देते, चालवायची आपण लघुउद्योजकांनी. अडते ते बहुतेक वेळा जिल्हा उद्योग केंद्रात नव्हे, आपल्याच बैठकीत. केंद्र चालवणाऱ्या सामाईक कंपनीसाठी (एसपीव्ही) नावे गोळा होतात, फोटो निघतात, आणि आपापल्या हिश्श्याचा चेक लिहायची वेळ आली की खुर्च्या रिकाम्या होतात. शेजाऱ्याला आपले ड्रॉइंग दिसेल, गिऱ्हाईक कळेल, ही भीती खोटी नाही. म्हणून एकाच गल्लीत तिघेजण कर्ज काढून तेच मशीन घेतात आणि तिन्ही मशीन अर्धा दिवस झाकलेली राहतात.

सामाईक लॅबमध्ये शेजाऱ्याचा नमुना आपल्या आधी लागला तर चालेल का, रिपोर्ट कोणाच्या हातात जाईल, भाडे थकले तर काय, हे आधी आपसांत कागदावर घ्या. प्रकल्प अहवाल (डीपीआर) करणारा सल्लागार त्यानंतर बोलवा.