एक्स्प्लेनर : लिंक म्हणजे ग्रंथालय नव्हे!

हवामान बदलाच्या बातमीखाली मूळ अहवालाची लिंक असते. ती लिंकच बंद झाली तर?

नेमकं काय घडलं?

अमेरिकेत २०२५ मध्ये राष्ट्रीय हवामान मूल्यांकन अहवालांची सरकारी वेबसाइटच बंद झाली. तरीही २०२३ चा ताजा अहवाल वाचायला मिळत राहिला, कारण ‘नोआ’ या सरकारी हवामान संस्थेच्या ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात त्याची प्रत होती.

हे पहिल्यांदाच झालं का?

नाही. २००६ मध्ये ‘ईपीए’ या तिथल्या पर्यावरण संस्थेनं शिकागो, डॅलस आणि कॅन्सस सिटीतली ग्रंथालयं बंद केली. सगळं ऑनलाइन देऊ, असं सांगितलं गेलं. पण कागदपत्रांचं स्कॅनिंग पूर्ण होण्याआधीच दारांना कुलूप लागलं. विरोध झाला, अमेरिकी काँग्रेसनं निधी दिला आणि २००८ मध्ये ती पुन्हा उघडली.

मग आपण काय करायचं?

सरकार बदललं की वेबसाइट बदलते. ग्रंथालयाचं कामच जपून ठेवण्याचं असतं. त्यामुळे ‘ऑनलाइन आहे ना’ म्हणून ग्रंथालयाच्या निधीला कात्री लावणं महागात पडतं. आम्ही बातमीदारांनीही नुसती लिंक न देता अहवालाची प्रत जपायला हवी. तुम्हालाही एखादा अहवाल महत्त्वाचा वाटला, तर पीडीएफ आजच सेव्ह करा.