मल्चिंगचा ‘पेपर’ पेटवण्यापूर्वी

टोमॅटो, मिरची, कलिंगड अशा पिकांच्या गादीवाफ्यांवर अंथरलेले काळे-चंदेरी आच्छादन आता सर्वांच्या परिचयाचे आहे. शेतकरी त्याला ‘मल्चिंग पेपर’ म्हणतात. वास्तविक तो पेपर नव्हे, पॉलिथिन आहे. कागद मातीत कुजतो. पॉलिथिनचे मात्र नुसते तुकडे होत जातात. याचा आरोग्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध फार जवळचा आहे.

प्रथम त्याचे गुण मान्य करू. पाणी वाचते, तण कमी उगवते, फळ मातीला टेकत नाही. उन्हातान्हात वाकून खुरपणी करणाऱ्या स्त्रियांच्या कंबरेला आराम मिळतो, हा तर डॉक्टर या नात्याने मला मोठा लाभ वाटतो. म्हणून मल्चिंग वापरूच नका, असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप पीक निघाल्यावर जे घडते त्याला आहे.

25 मायक्रॉन जाडीच्या पॉलिथिनचे वजन चौरस मीटरला सुमारे 23 ग्रॅम भरते. एकरातील निम्मी जमीन झाकली तरी जवळजवळ 46 किलो प्लास्टिक झाले. हंगामाअखेर ते उन्हाने विरते, फाटते. पुढच्या पिकाची घाई असतेच. मग कोणी त्यावरच रोटाव्हेटर फिरवतो, तर कोणी बांधावर ढीग करून काडी लावतो.

रोटाव्हेटरने प्लास्टिक नाहीसे होत नाही, नजरेआड होते. साचलेल्या तुकड्यांमुळे मुळांची वाढ व पाण्याचा निचरा अडतो. चीनमध्ये शिनच्यांगच्या कापूस पट्ट्यात हे मोठ्या प्रमाणावर घडले. पातळ फिल्म गोळा करता येत नाही, म्हणून त्या देशाने 2018 पासून फिल्मची किमान जाडी 8 वरून 10 मायक्रॉन केली. तुकड्यांचे पुढे सूक्ष्म कण होतात. 2022 साली नेदरलँड्समधील संशोधकांनी 22 पैकी 17 रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिकचे कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचे शरीरावरील परिणाम अजून अभ्यासले जात आहेत. पण तोवर आपल्या जमिनीत भर घालत राहणे शहाणपणाचे नाही.

जाळण्याबाबत तर शंकेला जागाच नाही. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि बेंझिनसारखी कर्करोगकारक द्रव्ये असतात. फिल्मवर हंगामभर बसलेली कीटकनाशकेही त्याबरोबर जळतात. दम्याचा रुग्ण, तान्हे मूल, गरोदर स्त्री यांना हा धूर विशेष बाधतो. आणि ढीग न जाळता उघड्यावर ठेवला, तर पावसात त्याच्या घड्यांत पाणी साचून डेंग्यूच्या डासांची सोय होते.

मग करावे काय? स्वस्त म्हणून अति पातळ फिल्म घेऊ नये. शेवटची तोडणी झाल्याबरोबर झाडे व ठिबकच्या नळ्या काढून, फिल्म अखंड आहे तोवरच गुंडाळावी, माती झटकावी आणि भंगार गोळा करणाऱ्याकडे जाईपर्यंत छपराखाली ठेवावी. जिथे जमेल तिथे उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा गव्हाचा भुसा यांचे आच्छादन करावे. ते कुजून जमिनीलाच खत देते.

मात्र सगळा भार शेतकऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. फिल्म अंथरायला सरकारी अनुदान मिळत आले आहे. मग ती गोळा करायलाही मिळाले पाहिजे. ग्रामपंचायतीने तोडणीच्या दिवसांत संकलनाची जागा ठरवावी, विक्रेत्याने वापरलेली फिल्म वजनावर परत घ्यावी. चार पैसे हाती पडणार असतील, तर कोणीही काडीपेटी शोधणार नाही.

दमा झाल्यावर औषध देणे आमच्या हाती आहे. धूर होऊ न देणे तुमच्या. यंदा मल्चिंगचा गुंडाळा विकत घेतानाच तो परत कसा निघणार आणि कुठे जाणार, एवढे ठरवून ठेवा.