उपद्रव कोणाचा?

देहू-आळंदीच्या मधल्या आपल्या चिखलीत एखाद्या सोसायटीत एक मूल रोज संध्याकाळी किंचाळू लागले, भिंतीवर डोके आपटू लागले, की आपण काही दिवस तोंडे वाकडी करतो आणि मग एकदा त्या घराची बेल वाजवतो. दार बहुधा आईच उघडते. तिच्या मनगटावर दातांचे वण असतात. ते आपल्याला दिसतात, तरीही बोलायचे ठरवून आलेले आपण बोलून टाकतो. "जरा धाक ठेवा." "फार लाडावून ठेवलंय." "दोन ठेवून दिल्या की सरळ येईल, आमची नाहीत का मुलं?" मग ग्रुपवर चर्चा होते, सभेत विषय निघतो आणि घर भाड्याचे असेल तर अकरा महिन्यांचा करार पुढे वाढत नाही. कुटुंब मोरेवस्तीतून जाधववाडीत, तिथून आणखी पुढे मोशीकडे सरकते. यात कोणी दुष्ट नसते. बेल वाजवणारा रात्रपाळी करून आलेला असतो, त्याला झोप हवी असते. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या स्वभावावर हा दोष ढकलून आपली सुटका होत नाही. हे आपल्या सगळ्यांचे, हे लिहिणाऱ्याचेही, वळण आहे.

हे वळण वारशाने आले आहे. मुलाचा हट्ट मोडणे म्हणजे त्याला वाढवणे, आणि ज्याचा हट्ट मोडत नाही तो आईने बिघडवलेला, ही समजूत आपण आजोबा-पणजोबांकडून घेतली आणि कधी तपासून पाहिली नाही. दीड-दोन वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, आलेले चार शब्द हरवून बसते, खेळण्यातल्या गाडीचे चाक तासन् तास फिरवत राहते. घरातले वडीलधारे म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला होता. मग दृष्ट काढली जाते, अंगारा लावला जातो, गावाकडच्या देवाला नवस बोलला जातो. यात कोणाचे काय बिघडते, असे म्हणून शिकलेली माणसेही गप्प राहतात. बिघडते ते असे की या खटाटोपात गेलेली दोन-तीन वर्षे मुलाच्या मेंदूच्या घडणीची सर्वांत मोलाची वर्षे असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला झाला. अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुले तपासणाऱ्या त्याच्या पथकांनी ज्या अवस्था हेरायच्या, त्यांत वर सांगितलेल्या खुणांचा ऑटिझम आहे. पण पथकाने 'एकदा दाखवून घ्या' म्हटले, की 'आमच्या पोराला वेडं ठरवता काय' असे उत्तर देणारे घर आपलेच असते.

आईला दोषी धरण्यात मात्र आपण एकटे नव्हतो. 1943 मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला स्वतंत्र ओळख मिळाली. पुढे कितीतरी वर्षे तिकडच्या विद्वानांनी थंड मनाच्या आईबापांना तिचे कारण मानले. 1967 मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांनी त्याच मताचा गाजलेला ग्रंथ लिहिला. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले बर्नार्ड रिमलंड यांनी तर त्याआधीच, 1964 मध्ये, कारण जैविक असल्याचे साधार मांडले होते. एरिक शॉप्लर यांनी आईबापांना आरोपी न मानता उपचारातले सहकारी मानले आणि 1972 पासून नॉर्थ कॅरोलायनात त्या पायावर राज्यव्यापी कार्यक्रम उभा राहिला. तिकडे ती समजूत पुराव्यापुढे टिकली नाही. आपल्याकडे तिला ग्रंथाची गरजच पडत नाही. नोकरी करणाऱ्या सुनेला 'मोबाईल हातात दिलास म्हणून झालं' असे ऐकवतात आणि नोकरी न करणारीला 'दिवसभर घरात असून लक्ष नाही' असे.

आता ज्याला आपण उपद्रव म्हणतो, तो मुळात काय आहे ते पाहू. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये चार मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काम अवघड झाले की कोणते मूल अंगावर येते आणि मोठ्यांचे लक्ष हटले की कोणते, हे त्यांनी आधी शोधले. मग पहिल्याला 'मला समजत नाही' असे म्हणायला शिकवले, दुसऱ्याला 'मी बरोबर करतोय ना?' असे विचारायला. मोठी माणसे त्या शब्दांना दाद देऊ लागताच मारझोड झपाट्याने ओसरली. शब्द नसतील तर चित्राचे कार्ड किंवा हाताची खूण चालते. चावणे, ओरबाडणे, डोके आपटणे हे पुष्कळदा मुलाकडे उरलेले अखेरचे मागणे असते: आवाज थांबवा, दात दुखतोय, पुढे काय होणार ते सांगा, मला इथून न्या. आणि असे मागायला आपणच शिकवतो. ते शांतपणे हात ओढते तेव्हा आपण कामात असतो. ते किंचाळले की क्षणात मोबाईल मिळतो. शंभरदा असे घडल्यावर ते किंचाळते, याचे नवल वाटून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपली वस्ती या मुलांना कशी जाणवते, याचाही विचार करावा. अशा मुलाला दिवसाचा क्रम पाठ असावा लागतो. तो मोडला की पायाखालची जमीन सरकते. इथे बापाची पाळी दर आठवड्याला बदलते. तळवड्याला, भोसरीला, चाकणला जाणारी कंपनीची बस कधी पहाटे, कधी दुपारी, कधी रात्री येते. एका आठवड्यात संध्याकाळी खेळणारा बाप पुढच्या आठवड्यात दिवसा झोपलेला असतो आणि मुलाला 'आवाज करू नकोस' म्हणून दरडावले जाते. 2019 पासून पाणी दिवसाआड येते, तेव्हा आज आंघोळ भरपूर आणि उद्या तांब्याभर. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की पंखा थांबतो. घरकुलातल्या छोट्या घरात कोपऱ्यात पडदा लावून निवांत जागा करावी, तर शेजारी ग्राइंडर चालतो, आणि गणपतीत डीजेच्या भिंतीने खिडक्यांची तावदाने हादरतात. आपल्याला ते सोसते, कारण आपला मेंदू नको ते आवाज मागे टाकतो. त्या मुलाच्या मेंदूला ते जमत नाही. आजी-आजोबा नांदेडला, बुलढाण्याला, जळगावला राहिले. आईला तासाभराची उसंत देणारे कोणी नाही. अशा दिवसाच्या शेवटी मूल फुटते, आणि फुटल्याचा गुन्हा त्याच्याच नावावर नोंदवून आपण मोकळे होतो.

खरी क्रूरता पुढे आहे. तीन वर्षांचे चावणारे मूल उचलून घेता येते, पंधरा वर्षांच्या मुलाला उचलता येत नाही. आधीच्या बारा वर्षांत शाळेने 'ॲडजस्ट होत नाही' म्हणून दाखला हातात दिलेला असतो आणि उपचाराच्या फीपोटी बापाने ओव्हरटाइम करून पाठ मोडून घेतलेली असते. मग खोलीला बाहेरून कडी लागते. कोठे कोठे पाय पलंगाला बांधला जातो. कायद्याकडे आपण बोट दाखवू शकत नाही. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानलेल्या 21 दिव्यांगत्वांत तो आहे, आणि अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा हेही त्यात आहे. शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' योजनेत या मुलांना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यसंरक्षण मिळते. कायदा पुष्कळ आहे. तो वाचून शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर त्या आईच्या बाजूने उभा राहणारा शेजारी मात्र विरळा.

आपण स्वतःला संतांचे वारस म्हणवतो. देहू आणि आळंदी यांच्या मधल्या पट्ट्यात आपली घरे आहेत, चिखलीत पालिकेने तुकोबांच्या नावाचे संतपीठ उभारले आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू राहत. ते कोणाच्याही घरात शिरत, हवे ते उचलून खात, मध्येच रागावत, मध्येच पोरांत खेळत. त्यांचे चरित्र सांगते की गाव त्यांना वेडे म्हणे आणि मायबापही म्हणे. त्यांना ऑटिझम होता असे माझे म्हणणे नाही. सातशे वर्षांनी निदान करणे हा खुळेपणा होईल. मला दिसते ते गावाचे वागणे. वेगळ्या वागण्याच्या माणसाला सामावून घेण्याची ताकद मराठी माणसात होती. आपण ती फक्त देवपण लाभलेल्यांसाठी राखून ठेवली, आणि शेजारच्या पोराच्या वाट्याला नोटीस आली.

मुलाला आणि आईला दोषी धरण्याची ही रूढी जाईल, याबद्दल मला शंका नाही. विधवेचे केस काढणे आपल्या पूर्वजांना धर्म वाटत होते, आणि काढणाऱ्यांतही कोणी दुष्ट नव्हते. 1890 च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी ठरवले की हे काम आमचे हात करणार नाहीत. लोखंडे हे गिरणी कामगारांचे पुढारी, आणि आपलेही हे कामगारांचे गाव. तेव्हा आपल्या हातांनी काय करायचे थांबवायचे, तेवढेच ठरवायचे आहे. ज्याच्या घरी असे मूल आहे त्याला कारखान्यात कायम एकच पाळी मिळावी, ही मागणी युनियनने लावून धरावी. शाळेने दाखला देण्यापूर्वी वर्गाच्या भिंतीवर दिवसाचा क्रम चित्रांत लावून पाहावा. मंडळाने स्पीकरची वेळ त्या घराला आदल्या दिवशी सांगावी. आणि ज्या सोसायटीच्या फलकावर आज अशा घराविरुद्ध सूचना लावलेली आहे, तिच्या सेक्रेटरींनी ती काढून टाकावी, त्या घरी जावे आणि मुलाला आपल्यापैकी कोणाच्या आवाजाचा त्रास होतो, ते विचारून यावे.